समाचाराला येणारे आणि सोबतीला बसणारे

मंडळी, आज जरा लांबलचक लिहिलंय. सवडीने वाचा, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

‘समाचाराला जाणे’ हा आपला जुना शब्द. घरात, नात्यात, वाड्यात कुणी आजारी पडलं की समाचाराला जायचं. आमच्या बडोद्यात गुजराती शेजारणी ‘खबर काढवा’ येतात, त्यामुळे आमच्याही तोंडी ‘खबर काढायला जाऊन आले’ असंच बसलंय. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात. पण गंमत बघा, शुद्ध मराठीत एखाद्याचा ‘समाचार घेणे’ याचे दोन अर्थ होतात: विचारपूस करणे आणि खरडपट्टी काढणे. अंथरुणावरच्या माणसाला विचाराल तर हे दोन अर्थ फार लांबचे नाहीत.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात समाचाराला येणाऱ्यांची रीत ठरलेली होती. मोसंबी किंवा शहाळं घेऊन यायचं, पेशंटच्या पायाशी खुर्ची ओढून बसायचं, ‘बारीक झालात हो’ म्हणायचं आणि मग पेशंटच्या डोक्यावरून घरच्यांशी बोलायचं. कुणाच्या चुलत सासूला असंच झालं होतं, तिचं पुढे काय झालं, हे सगळं सविस्तर. घरची बाई पोहे आणि चहा करून दमायची. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. भरपूर होतं. पण त्या बोलण्यात आजाराचं नाव कधी यायचं नाही. त्याऐवजी गावाचं नाव यायचं. ‘त्यांना गोत्रीला ठेवलंय’ म्हणजे क्षय. ‘टाटाला नेलंय’ म्हणजे कॅन्सर. माझं आजोळ बेळगावकडचं, तिथे ‘वानलेसवाडीला आहेत’ असं ऐकलंय. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला आणि पुढे त्यांच्याच नावाच्या वाडीत क्षयाचं सॅनेटोरियम झालं. आवाज खाली करून गावाचं नाव घ्यायचं की ऐकणारा समजून जायचा. पुढे विचारायचं नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या हातात फोन आहे आणि समाचार फोनवर आलाय. आजारी माणसांचे, त्यांच्या घरच्यांचे गट झालेत. बडोद्यात आहेत, इंदूरला आहेत, हैदराबादला माझी भाची अशा एका गटात आहे. हे गट चांगले कसे चालतील यावर आमच्याकडे गेली दोन वर्षं बरीच वादावादी झाली. त्या निमित्ताने मी जरा मागे जाऊन वाचलं, की ‘एकच आजार असलेल्यांनी एकत्र बसणे’ ही कल्पना आली कुठून. ते सांगते.

१९०५ साली, अमेरिकेत बॉस्टन शहरात. जोसेफ प्रॅट नावाचे एक तरुण डॉक्टर होते. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. उपाय काय, तर विश्रांती, मोकळी हवा, दूध आणि पौष्टिक अन्न. श्रीमंत डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये जात. गरिबांनी काय करायचं? प्रॅटनी अशा गरीब रोग्यांचा एक ‘वर्ग’ काढला, शाळेतल्यासारखा. इमॅन्युएल चर्चने पैसे दिले. पंचवीसच्या वर माणसं घ्यायची नाहीत. आठवड्यातून एकदा जमायचं. प्रत्येकाकडे एक वही. त्यात रोजचा ताप, किती तास आडवं पडलो, काय खाल्लं, किती वेळ उघड्या हवेत काढला, सगळं लिहायचं. अंगणात तंबू ठोकून किंवा गच्चीवर झोपायचं, बॉस्टनच्या थंडीतसुद्धा! एक बाई घरोघर जाऊन बघून यायच्या की खरंच खिडकी उघडी आहे का. वर्गात वह्या तपासल्या जायच्या, ज्याचं वजन वाढलं त्याचं कौतुक व्हायचं.

प्रॅटना सुरुवातीला वाटलं होतं की पंचवीस जणांना एकदम सांगितलं तर आपला वेळ वाचेल, एवढंच. पण माणसं एकमेकांकडे बघून तग धरू लागली. वेगवेगळ्या जातीची, वेगवेगळ्या पंथाची माणसं, एरवी एका बाकावर बसली नसती, ती आठवड्याभर या बैठकीची वाट बघायला लागली. औषध नसताना हा वर्ग चालला, आणि आज ज्याला आपण आधारगट म्हणतो त्याच्या इतिहासात बहुतेक जण पहिलं नाव प्रॅटचं घेतात.

मला या गोष्टीत त्या वहीचं फार अप्रूप वाटतं. ती डॉक्टरची फाईल नव्हती. रोग्याची स्वतःची वही होती, स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि ती दुसऱ्या रोग्यांसमोर उघडायची होती. ताप आला तर आला असं लिहायचं. लपवायचं नाही.

पुढे आपल्याकडेच एक मोठी गोष्ट घडली, जिचा आपण फारसा उल्लेख करत नाही. औषधं आली, पण भारतात खाटा होत्या मोजक्या आणि रोगी लाखोंनी. १९५६ साली मद्रासला एक केंद्र उघडलं आणि तिथे एक साधा प्रश्न तपासला गेला: अर्ध्या रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध द्यायचं, अर्ध्यांना त्यांच्या घरीच. एकूण १९३ रोगी. घरी असलेल्यांना खायला कमी, विश्रांती कमी, घरं दाटीची. आणि १९५९ साली निकाल आला तो असा, की घरी राहून औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. जगभरातल्या सॅनेटोरियमची उतरती कळा लागली त्याला या मद्रासच्या निकालाचा मोठा हातभार आहे.

लाखो माणसांचे प्राण वाचवणारी गोष्ट, त्यात वादच नाही. पण एक बारीकशी गोष्ट तेव्हा हरवली असं मला वाटतं. वॉर्डातली सोबत. शेजारच्या खाटेवरचा माणूस. त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण तोही रात्री खोकत होता. आजार घरी आला, आणि घरी आजारी माणूस एकटाच असतो, भोवती दहा माणसं असली तरी. ज्यांना कधी काही झालं नाही अशी ती दहा माणसं. त्यानंतर सोबत मुद्दाम जमवावी लागली.

माझ्या काकूची गोष्ट सांगते. १९७६ साल. काकूला छातीत गाठ निघाली आणि काका तिला रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेले. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून बडोदं, इंदूर, बेळगाव, गोवा सगळीकडून माणसं तिथे जातात. आज दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत अशा पेशंटांची सोय होते. काका-काकू गिरगावात नातेवाइकांकडे उतरले होते. ऑपरेशन झालं. एक स्तन काढला. काकूचं वय तेव्हा एक्केचाळीस.

वाड्यात परत आल्यावर समाचाराला रांग लागली. कुणी काही विचारलं नाही आणि सगळ्यांनी बघितलं. काकू पदर गच्च लपेटून बसायची. काकांनी एकदा मला सांगितलं होतं की त्या दोन महिन्यांत ती आरशासमोर उभी राहिली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला एवढंच कळत होतं की काकू हसत नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काकूला बेळगावच्या एक बाई भेटल्या होत्या. तपासणीची वाट बघत दोघी एका बाकावर बसल्या. त्या बाईंचं ऑपरेशन दोन वर्षं आधी झालं होतं, त्या दाखवायला आल्या होत्या. पत्ते दिले-घेतले गेले. आणि मग बेळगावहून निळी अंतर्देशीय पत्रं यायला लागली, महिन्याला एक, कधी दोन. काकू ती देवघरातल्या फडताळात ठेवायची. काकू २००४ साली वृद्धापकाळाने गेली, या आजाराने नाही. पत्रं आता माझ्याकडे आहेत, एकोणीस.

काय आहे त्यात? धीर धरा, देव बघतोय, असं जवळजवळ काहीच नाही. पहिल्याच पत्रात पोलक्यात घालायच्या गादीचं माप आहे. नुसता कापूस घालू नका, हलका होतो आणि वर सरकतो, आत मोहरीची पुरचुंडी शिवा म्हणजे वजन सारखं होतं. दुसऱ्यात हाताचा व्यायाम: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथवर जाईल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तारीख लिहायची. (आमच्या माजघराच्या भिंतीवर त्या खुणा वाडा पाडेपर्यंत होत्या.) त्या बाजूच्या हातात बांगड्या घट्ट नकोत, भाजलं-कापलं तर दुर्लक्ष नको. आणि एका पत्रात, अगदी शेवटच्या घडीवर जिथे पत्ता लिहितात त्याच्या मागे, बारीक अक्षरात, नवऱ्याबद्दल. ते इथे लिहीत नाही. पण ते वाचून काकूने पहिल्यांदा कुणालातरी उत्तरात तसंच लिहिलं असणार, कारण पुढच्या पत्रात त्या बाईंनी लिहिलंय की बरं वाटलं, मला वाटत होतं माझंच असं आहे.

काकूला माहीत नव्हतं आणि त्या बाईंनाही नसणार, पण न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ साली हेच सुरू केलं होतं. त्यांचंही तेच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी टाके काढले, जा म्हणाले, आणि हात वर कसा करायचा, कपडे काय घालायचे, घरी काय सांगायचं हे कुणीच सांगितलं नाही. मग त्या स्वतःच वॉर्डात नव्याने ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला जायला लागल्या. बरोबर एक दोरी, एक रबरी चेंडू आणि एक छोटी उशी. डॉक्टर चिडले. न विचारता आमच्या पेशंटच्या खोलीत ही कोण येते? त्यांना काही ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं काम आपलं म्हणून स्वीकारलं. सतरा वर्षं लागली. आपल्याकडे मुंबईत १९९४ साली वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ सुरू केली, त्याही स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर योगायोगाने जे काकूला मिळालं ते तिथे रोज, ठरवून मिळायला लागलं.

दारूच्या व्यसनाचंही इथे सांगायला हवं, पण ते आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत आहे. १९३५ साली ओहायोत दोन दारुडे एकमेकांना भेटले, त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ झालं. आणि १९८६ साली पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, पुलंच्या मदतीने. ‘अॅनॉनिमस’ म्हणजे निनावी, हे त्या नावातच आहे. ते लक्षात ठेवा, कारण आता गोव्याकडे वळते.

१४ फेब्रुवारी १९८९. गोव्यात पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा यांना पोलीस घेऊन गेले. गुन्हा काही नाही. ते नियमित रक्तदान करायचे, आणि रक्तात एचआयव्ही निघाला. तो निकाल त्यांच्या हातात पडायच्या आधी पोलिसांच्या हातात पडला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती. म्हापशाला एका जुन्या, बंद पडलेल्या क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये त्यांना एकटं ठेवलं. ६४ दिवस. बघा, तीच सॅनेटोरियमची इमारत, पण शेजारची खाट रिकामी आणि दारावर पहारा. त्यांची आई लुसी कोर्टात गेली. ते बाहेर आले, पण कायदा मात्र कोर्टाने योग्यच ठरवला. घरी आल्यावर सगळ्या गावाला माहीत होतं. १९९२ साली डॉमनिक यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. पाच वर्षांनी, १९९७ साली चेन्नईत एचआयव्ही असलेल्या माणसांनी स्वतःचं देशभराचं जाळं उभं केलं.

ज्याचा आजार आहे त्याच्या परवानगीशिवाय त्याचं नाव बाहेर गेलं की काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? आता फोनवर एक स्क्रीनशॉट काढला की झालं. पोलीस नकोत, पहारा नको. लग्नाच्या वयाच्या मुलीचा रिपोर्ट एका गटातून दुसऱ्या गटात गेला की आपल्या समाजात, जिथे बडोद्याचं स्थळ ग्वाल्हेरला आणि ग्वाल्हेरचं बेळगावला जातं, तिथे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

मग प्रश्न येतो, असं एकत्र बसून आयुष्य वाढतं का? हा प्रश्न खूप लोक विचारतात, आणि फॉरवर्डमध्ये उत्तर ‘हो’ असं बिनदिक्कत दिलेलं असतं. त्याची कहाणी अशी. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांनी स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरलेल्या ८६ बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या ५० जणी वर्षभर दर आठवड्याला दीड तास एकत्र बसायच्या. तिथे नियम होता तो उलटा: ‘बरी होशील’ म्हणायचं नाही. मरणाबद्दल बोलायचं असेल तर बोलायचं. गटातली कुणी गेली तर तिच्याबद्दल बोलायचं. १९८९ साली निकाल आला की या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या, आणि ज्या बसल्या नव्हत्या त्या १८.९ महिने. जवळपास दुप्पट! जगभर गाजलं. पण २००१ साली कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि आयुष्यात काही फरक निघाला नाही. स्पीगल यांनी स्वतःही पुन्हा करून पाहिला, २००७ साली, आणि त्यांनाही तो पहिला आकडा परत मिळाला नाही. त्यांनी तो तसाच छापला, याबद्दल मला त्या माणसाचा आदर वाटतो.

पण कॅनडाच्या अभ्यासात दुसरं एक निघालं, ज्याची बातमी फारशी झाली नाही. गटात बसणाऱ्या बायकांना दुखणं कमी जाणवत होतं, मन कमी पोखरत होतं. विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना. आयुष्याची लांबी तीच, पण त्यातल्या रात्री जरा सोप्या. मला विचाराल तर एवढं पुष्कळ आहे.

आता कॉम्प्युटरकडे. १९९५ साली न्यूयॉर्कला जिल फ्रिडमन यांच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यांनी ई-मेलवर चालणारा पेशंटांचा एक गट शोधला, तिथे विचारलं, आणि त्यातून शिकून आणखी मतं घेतली. मग त्यांनी प्रत्येक कॅन्सरचा वेगळा गट असलेलं एक मोठं घरच बांधलं. २००७ साली डेव्ह डीब्राँकार्ट यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर, तोही फुप्फुसात आणि हाडात पसरलेला निघाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरनेच त्यांना या गटात पाठवलं, औषधाची चिठ्ठी द्यावी तसं. दोन तासांत उत्तरं आली: हा आजार कमी जणांना होतो, तेव्हा या एकाच आजाराचे तज्ज्ञ गाठा. एक उपचार आहे, बहुतेकांना लागू पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांना चांगला पडतो. तो सगळीकडे मिळत नाही. देणाऱ्या चार डॉक्टरांची नावं ही, फोन नंबर हे. डेव्ह वाचले. एका माणसाच्या वाचण्याने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्या उत्तराची भाषा पुन्हा वाचा. ‘बहुतेकांना लागू पडत नाही’ हे त्यातच आहे. आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य कधी वाचलंय का?

आणि वहीची गोष्ट शंभर वर्षांनी परत आली ती अशी. एएलएस नावाचा आजार आहे, स्टीफन हॉकिंगना होता तो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. हेवूड नावाच्या घरातल्या एका मुलाला तो तिशीच्या आत झाला, आणि त्याच्या भावांनी २००४ साली ‘पेशंट्सलाइकमी’ ही जागा इंटरनेटवर काढली. तिथे नुसत्या गप्पा नव्हत्या. प्रत्येकाने आपलं आपण लिहायचं: आज चालता येतं का, गिळता येतं का, कोणतं औषध, किती. २००८ साली इटलीहून बातमी आली की लिथियम घेतलं तर हा आजार मंदावतो. मरणाच्या दारातली माणसं, त्यांनी ते लगेच सुरू केलं. पण त्यांनी लिहून ठेवलं. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांच्या नोंदी त्यांच्यासारख्याच, पण न घेणाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि २०११ साली छापून आलं की काही उपयोग होत नाही. नंतर डॉक्टरांच्या रीतसर चाचण्यांतही तेच निघालं. ज्यांना ते खरं व्हायला हवं होतं, त्यांनीच ते खरं नाही असं सांगितलं! पेशंटांच्या गटाने यापेक्षा मोठं काम केलेलं मला तरी माहीत नाही.

खोटेपणाही आला, येणारच. २००१ साली अमेरिकेत इंटरनेटवर रक्ताच्या कॅन्सरशी झुंजणारी एक तरुण मुलगी ‘वारली’, शेकडो लोक रडले, आणि मग कळलं की ती मुलगी कधी नव्हतीच, एक मध्यमवयीन बाई ते सगळं लिहीत होती. त्याआधीच्या वर्षी डॉ. मार्क फेल्डमन यांनी या वागण्याला नावसुद्धा देऊन ठेवलं होतं. पैसे मागणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी.

हे सगळं डोक्यात ठेवून आमच्या बडोद्याच्या गटाबद्दल सांगते. नाव सांगत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, ऑक्सिजन शोधायच्या दिवसांत तो सुरू झाला आणि नंतर कॅन्सरच्या पेशंटांचा झाला, कारण त्यांचे उपचार रखडले होते. वाढत वाढत दोनशेच्या वर गेला. सकाळी सुप्रभात, मग गणपती, मग पपईच्या पानांचा रस, मग गोमूत्र, मग ‘टाटाच्या डॉक्टरांनी लपवलेलं सत्य’, रात्री शुभ रात्री.

एका रात्री दोन वाजता एका बाईंनी लिहिलं की उद्या तिसरी केमो आहे, झोप येत नाही, मला मरायची भीती वाटते. सकाळी सातपर्यंत खाली काहीच नाही. सातनंतर हात जोडलेले चौदा. ‘गेट वेल सून’चा फुलांचा गुच्छ. ‘पॉझिटिव्ह थिंकिंग ठेवा ताई’. आणि एक व्हिडिओ. आठ वाजता त्या गट सोडून गेल्या. समाचाराला दोनशे माणसं आली होती, सोबतीला कुणी नव्हतं.

आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत, आयुष्यभर कॅन्सरच्या वॉर्डात काम केलेल्या. त्या चिडल्या. त्यांनी तो मोठा गट तसाच चालू दिला, ज्यांना गणपती पाठवायचेत त्यांनी पाठवावेत, आणि बाजूला दोन छोटे गट काढले. एक फक्त पेशंटांचा, एक फक्त घरच्यांचा. पहिला पंचवीस माणसांचा. प्रॅट त्यांनी वाचलेला नव्हता, त्यांना वॉर्डातल्या खाटांवरून कळत होतं. आत घ्यायच्या आधी सिस्टर स्वतः फोन करतात, पंधरा-वीस मिनिटं बोलतात. तेवढ्यात खरं-खोटं बरंचसं कळतं, आणि इथलं बाहेर पाठवायचं नाही हेही तेव्हाच सांगून होतं. एकदा एकाने बाहेर पाठवलं. त्याला काढला, जवळचा नातेवाईक असूनही. यावरून दिवाळीला दोन घरांचं फराळाचं येणं-जाणं बंद होतं.

उपायांबद्दल भांडण जास्त झालं. बंदी घातली तर लोक चोरून विचारतात. शेवटी असं ठरलं की ज्याने स्वतः घेतलंय त्यानेच लिहायचं, डॉक्टरला सांगून घेतलं की न सांगता तेही लिहायचं, आणि तीन महिन्यांनी परत येऊन काय झालं ते लिहायचं. काही झालं नाही तर ‘काही झालं नाही’ असं. या एका अटीने नव्वद टक्के व्हिडिओ आपोआप थांबले, म्हणजे मोजले नाहीत हो, अंदाजाने म्हणतेय. केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला तर मात्र गटात विचारायचंच नाही, काढा नाही, उद्या बघू नाही, त्याच वेळी हॉस्पिटलला फोन. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, काही तासांत जिवावर बेततं. हे सिस्टरनी गटाच्या माथ्यावरच लिहून ठेवलंय, मराठी आणि गुजराती दोन्हींत.

रात्रीसाठी पाळी लावली. दोघं जण आळीपाळीने, ज्यांना तशीही झोप येत नाही असे. उपदेश करायचा नाही, फक्त ‘मी जागी आहे’ लिहायचं आणि समोरचं माणूस बोलेल ते ऐकायचं. लिहिण्याचा प्रश्न आमच्या पिढीला नाही, पण धाकट्यांना मराठी बोलता येतं आणि लिहिता येत नाही, म्हणून ते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. रात्री दोन वाजता माणूस इंग्रजीत घाबरत नाही, निदान आमच्या घरांत तरी नाही.

घरच्यांच्या गटात एकच विषय परत परत येतो: ‘बाबांना सांगितलेलं नाही.’ माझं मत मी तिथे मांडते आणि इथेही मांडते. बहुतेक बाबांना माहीत असतं. ज्या गाडीने दर तीन आठवड्यांनी परळला नेता तिचं नाव त्यांना वाचता येतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ते माहीत नसल्याचं नाटक करतात आणि त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही. वडील मात्र त्या खोलीत एकटे. पण प्रत्येक घर वेगळं, आणि सिस्टर कुणावर जबरदस्ती करत नाहीत.

कुणी गेलं तर काय करायचं, हे ठरवायला सर्वांत वेळ लागला. आधी ते नाव गुपचूप काढलं जायचं आणि बाकीचे मोजत बसायचे. आता सिस्टर स्वतः कळवतात. त्या दिवशी दुसरं काही लिहायचं नाही, फक्त त्या माणसाबद्दल. गेल्या वर्षी एक काका गेले, त्यांच्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं ते रात्रपाळीत ते नाट्यगीतं गुणगुणून पाठवायचे त्याबद्दल, आणि सूर कसा लागायचा नाही त्याबद्दल.

अजून एक गोष्ट, मग थांबते. २०२० च्या मे महिन्यात इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्व संशोधक बाईंनी ट्विटरवर स्वतःच्या न संपणाऱ्या आजाराला ‘लाँग कोविड’ म्हटलं. डॉक्टर तेव्हा दोन आठवड्यांत बरे व्हाल म्हणत होते. जगभरातल्या पेशंटांनी तेच नाव उचललं, आणि पुढे डॉक्टरांनीही. आजाराचं नाव रोग्यांनी ठेवलं, आणि मोठ्याने घेतलं. आमच्या वाड्यात जे कधी झालं नाही.

आता एक विनंती. काकूला आलेली एकोणीस पत्रं माझ्याजवळ आहेत. शेवटचं १९८३ सालचं, दुसऱ्या हाताने लिहिलेलं, सुनेने कळवलेलं. काकूने पाठवलेली पत्रं मात्र बेळगावात गेली, ती कुठे असतील देव जाणे. निळी अंतर्देशीय, बडोद्याचा शिक्का, अक्षर डावीकडे झुकणारं, कारण ऑपरेशन उजव्या बाजूचं होतं आणि पहिले काही महिने ती डाव्या हाताने लिहीत होती. बेळगावकर मंडळींपैकी कुणाच्या आजीच्या ट्रंकेत अशी पत्रं निघाली तर कृपया मला खाजगीत कळवा. नाव इथे लिहू नका. आणि तुमच्यापैकी कुणाकडे मिरजेच्या, गोत्रीच्या किंवा कुठल्याही सॅनेटोरियममधल्या माणसाची वही असेल, तापाच्या आकड्यांची का असेना, तर फेकू नका.